अभिनयाचं वर्कशॉप: शिकवतात छान, पण साठीच्या बाईला आजीच का?

कोथरूडच्या बाजूला वीकेंडला चालणारं एक अभिनयाचं वर्कशॉप नुकतंच केलं. जाहिरातीत 'वयाची अट नाही' असं ठळक लिहिलेलं, म्हणूनच फी भरली. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मैत्रिणींकडून ऐकते त्यावरून बऱ्याच ठिकाणी हेच चालतं.

आवाजाचे सेशन्स एक नंबर. श्वास पोटातून कसा घ्यायचा, वाक्याचा शेवट पडू कसा द्यायचा नाही हे तिथल्या ताईंनी इतकं नीट करून घेतलं की शेवटच्या रांगेत बसलेल्यांना माझा शब्द न् शब्द ऐकू येत होता. खाली बसायला त्रास होणाऱ्यांना न मागता खुर्ची, स्क्रिप्टची प्रिंटही मोठ्या टायपात. ह्याबद्दल मनापासून थँक्यू.

पण रोल वाटायची वेळ आली की सगळं बदलतं. मी ६३ ची. इम्प्रोव्हायझेशन होतं, म्हणजे स्क्रिप्टशिवाय ऐनवेळी सुचेल तसा प्रवेश करायचा: स्टेशनवर दोघं खूप वर्षांनी भेटतात, एकेकाळी त्यांचं लग्न ठरता ठरता राहिलेलं. मी म्हटलं मला ती बाई करायचीय, तर सर म्हणाले, "काकू, तुम्ही हिच्या आजी, तिकडे बाकावर बसा," आणि हातात काठी दिली. वर "अजून वाका, हात थरथरू दे, आवाज कापरा करा". अहो, मी रोज सकाळी टेकडी चढते, ६३ ची बाई कशी बसते-बोलते हे समोर दिसतंय की! आणि माझ्याच वयाच्या एका काकांना कंपनीचा मालक दिला, पुढच्या प्रवेशात तर तिशीतल्या मुलीचा नवरा.

हे काही एकट्या सरांचं नाही. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभची आई झाल्या, वयाने त्या त्याच्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान. १९७० ला 'नटसम्राट' आलं तेव्हा डॉ. लागू ४३ चे होते आणि काय उभा केला त्यांनी तो म्हातारा! तरुणांनी म्हातारे करू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, अभिनय म्हणजे तेच तर असतं, पण मग साठीच्या बाईलाही वकील, खुनी, प्रेयसी काहीही करू द्या ना, तिला एकतर आजारी नाहीतर देवघरात कशाला बसवता.

सरांशी बोलले. ऐकून घेतलं त्यांनी, पण "प्रेक्षकांना पटत नाही" म्हणाले. हे मला मान्यच नाही. मराठी नाटकाच्या दुपारच्या प्रयोगाला जाऊन बघा, कितीतरी खुर्च्यांवर आमच्याच वयाची माणसं असतात, तिकीट काढून आलेली.

पाचपैकी तीन स्टार, तिन्ही आवाजाच्या ताईंना. साठीपुढच्या बायकांनो, फी भरायच्या आधी रोल कसे वाटतात ते स्पष्ट विचारून घ्या.