‘सायको’ आणि त्याचे पडसाद : राजारामपुरीतील एका रसास्वाद सत्राविषयी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एक छोटे चित्रपट मंडळ दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवते आणि त्यावर चर्चा घडवून आणते. या वेळी त्यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांचा 1960 सालचा ‘सायको’ निवडला होता. आधी मूळ चित्रपट सलग, मग चहा आणि त्यानंतर पुढच्या सहा दशकांत त्याचे पडसाद कुठे कुठे उमटले हे दाखवणारे निवडक उतारे, अशी आखणी होती. चहासह 150 रुपये प्रवेशमूल्यात जवळजवळ चार तासांचा हा कार्यक्रम होता, आणि तो प्रत्येक चित्रपटप्रेमीने अनुभवावा अशा योग्यतेचा होता.

क्रम असाच हवा होता. आजच्या तरुण प्रेक्षकापर्यंत ‘सायको’ बहुतेक वेळा उलट्या वाटेने पोहोचतो. स्नानगृहातील खुनाच्या वेळी वाजणारे ते व्हायोलिनचे चिरकणारे सूर त्याने लहानपणीच, ‘फाइंडिंग नीमो’ या अ‍ॅनिमेशनपटामध्ये डार्ला नावाची मुलगी पडद्यावर येते तेव्हा, ऐकलेले असतात. सभागृहातील महाविद्यालयीन मुले तो प्रसंग जवळ येताच एकमेकांकडे पाहून हसू लागली होती, कारण पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते. हल्ला संपला आणि हसू थांबले, कारण त्यानंतर जे येते ते विडंबनांत सहसा येत नाही.

अँथनी पर्किन्स यांनी साकारलेला, मोटेल चालवणारा नॉर्मन बेट्स फरशी पुसतो, बादली भरतो, हात धुतो आणि प्रेत स्नानगृहाच्या पडद्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो. बराच वेळ संवाद असा नाहीच. मग तो गाडी दलदलीत ढकलतो, ती बुडू लागते आणि अर्ध्यावर थांबते. त्या क्षणी सभागृहातील प्रत्येक जण, ती गाडी बुडावी, अशी वाट पाहत होता हे श्वासांवरूनही कळत होते. थोड्याच वेळापूर्वी, स्नानगृहात मारल्या गेलेल्या ज्या मॅरियनसाठी आपला जीव तुटत होता, तिचाच पुरावा नष्ट व्हावा असे आपल्याला वाटू लागते. माझ्या मते ‘सायको’चे खरे सामर्थ्य या पक्षांतरात आहे. नंतरच्या लोकप्रिय संस्कृतीने सुरा, पडदा आणि किंकाळी उचलली. ही अस्वस्थ सहानुभूती मात्र फार थोड्यांना उचलता आली.

उताऱ्यांच्या निवडीतून नेमका हाच फरक उघड झाला. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या 1990 मधील एका भागात तान्ही मॅगी बापाच्या डोक्यात हातोडा घालते आणि सांडलेला लाल रंग वाहत मोरीकडे जातो. मंडळाने हा तुकडा मूळ प्रसंगाशेजारी ठेवून दाखवला, तेव्हा कॅमेऱ्याचे कोन किती बारकाईने उचलले आहेत हे लक्षात आले. जॉन कार्पेंटर यांच्या 1978 मधील ‘हॅलोविन’चा धागा अधिक खोल आहे: त्यातील नायिका जेमी ली कर्टिस ही मॅरियन साकारणाऱ्या जॅनेट ली यांची मुलगी, आणि त्यातील डॉक्टरचे सॅम लूमिस हे नाव ‘सायको’तील मॅरियनच्या प्रियकराचे. गस व्हॅन सँट यांनी 1998 मध्ये ‘सायको’ जवळजवळ दृश्यागणिक पुन्हा चित्रित केला, तोही रंगीत. दोन्ही चित्रपटांचा तोच प्रसंग लागोपाठ पाहिल्यावर, सर्व चौकटी जुळूनही दहशत का निर्माण होत नाही, यावर झालेली चर्चा सर्वांत रंगली. ‘बेट्स मोटेल’ ही मालिका मात्र दोन वाक्यांत उरकली, ते बरे झाले नाही. नॉर्मन आणि त्याच्या आईच्या नात्याला पाच पर्व देणारी ती मालिका म्हणजे वर सांगितलेल्या सहानुभूतीचा पाठपुरावा करणारा दुर्मीळ प्रयत्न आहे.

या सत्रातील सर्वोत्तम भाग संगीताचा होता. स्नानगृहातील प्रसंग संगीताविना असावा अशी हिचकॉक यांची मूळ कल्पना होती. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांसाठी रचना केली, आणि ती ऐकून हिचकॉक यांनी मत बदलले. संचालकांनी तो प्रसंग आधी आवाज बंद करून आणि मग संगीतासह दाखवला. पहिल्यांदा दिसली ती संकलनाची कारागिरी: सात दिवस चित्रीकरण, असंख्य तुकडे, आणि सुरा अंगाला लागताना जवळजवळ कधीच दिसत नाही. दुसऱ्यांदा त्याच तुकड्यांना धार आली. ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला आणि 1929 मध्ये ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीची स्थापना झाली, तिथल्या प्रेक्षकाला ‘हे केले कसे?’ हा प्रश्न आधी पडतो. चॉकलेटच्या पाकाचे रक्त केल्याचे कळल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी कृष्णधवल छायाचित्रणातील काळ्या-करड्या छटांविषयी विचारलेले प्रश्न मुख्य वक्त्याच्या भाषणाइतकेच मोलाचे होते.

उणिवाही सांगायला हव्यात. सभागृहातील ध्वनियंत्रणा कमकुवत असून मागच्या भागात मंद्र सूर पोहोचत नाहीत, त्यामुळे हरमन यांच्या संगीतातील चेलो आणि बास जवळजवळ हरवले. भारतीय उदाहरण एकही नव्हते, ही याहून मोठी उणीव आहे. राम गोपाल वर्मा यांचा 1999 मधील ‘कौन’ तरी चर्चेत यायला हवा होता: पावसातले एकाकी घर, मोजकी पात्रे, एकही गाणे नाही, आणि प्रेक्षकाने विश्वास कोणावर ठेवायचा याचा अखंड खेळ. त्याची ‘सायको’शी तुलना आपल्या प्रेक्षकाला अधिक जवळची वाटली असती.

चित्रपट सुरू झाल्यावर दार बंद होते आणि कोणालाही आत सोडले जात नाही. ‘सायको’ प्रदर्शित झाला तेव्हा हिचकॉक यांनीही चित्रपटगृहांना हीच अट घातली होती, आणि मंडळाने ती काटेकोर पाळली याचे मला समाधान वाटते. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, पुढच्या निम्म्या भागात जागा धरावी आणि लहान मुलांना सोबत आणू नये. इंग्रजी संवाद अवघड वाटणाऱ्यांसाठी प्रवेशाच्या वेळी कथानकाचे एक पानी मराठी टिपण मिळते. त्यात शेवट फोडलेला नाही, तेव्हा ते निर्धास्त वाचावे.