त्रिमिती शरीररचनेचं अ‍ॅप: सगळा जीव एका स्लायडरमध्ये

परवा अपडेट झालं आणि हृदयाच्या अ‍ॅनिमेशनचा वेग कमी करायचा स्लायडर गायब. मदत विभागाला लिहिलं, तर म्हणे ती सोय आता प्रीमियममध्ये. आणि मी ‘एकदाच पैसे, कायमचं अ‍ॅप’ असं वाचून घेतलेलं! म्हणून हे लिहायला बसलो.

एका स्लायडरसाठी एवढी आदळआपट कशाला, असं ज्याला वाटेल त्याने हृदय शिकवून बघावं. मिनिटाला ७५ ठोके धरले तर अख्खं चक्र ०.८ सेकंदात आटोपतं. अलिंदांचं (वरच्या कप्प्यांचं) आकुंचन ०.१ सेकंद, निलयांचं (खालच्या कप्प्यांचं) ०.३. मध्ये एव्ही नोडपाशी, म्हणजे अलिंद आणि निलय यांच्यामधल्या संदेशाच्या थांब्यापाशी, विद्युत संदेश साधारण ०.१ सेकंद रेंगाळतो, तेवढ्यात अलिंदांतलं उरलेलं रक्त खाली उतरतं. नेहमीच्या वेगात मुलांना एवढंच दिसतं: “सर, सगळं एकदमच आवळलं.” वेग दहापट कमी केला की आधी वरचं, मग खालचं, हे न सांगता कळतं. फळ्यावरच्या आकृतीत मला हे कधी जमलेलं नाही.

पण हळू केल्यावर खोटही दिसते. झडपेला जोडलेले तंतू ओढले जातात आणि झडप उघडते, असं दाखवलंय. साफ चूक! झडप उघडते दाबातल्या फरकाने. तंतू ताणले जातात ते बंद झडप अलिंदाकडे उलटू नये म्हणून. कळवलं होतं, उत्तर नाही. फुफ्फुसांत श्वासपटल छान खाली सरकतं, बरगड्या मात्र ढिम्म.

मूत्रपिंडाला सुरुवातीला मी नावं ठेवायचो. नुसते ठिपके पळतात म्हणून. आता मत बदललंय. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड लिटरच्या आसपास, हे वाचून कुणाचा विश्वास बसत नाही. इथे नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीच्या, पहिल्याच वळणदार नळीत दोनतृतीयांश ठिपके रक्तात परत जाताना दिसतात. त्याच नळीच्या पुढच्या यू आकाराच्या भागात, हेन्लेच्या वळशात, उतरत्या बाजूने पाणी बाहेर पडतं, चढत्या बाजूने पडत नाही, हेही नीट दाखवलंय. हा भाग ज्याने केला त्याला हृदयाचं काम का दिलं नाही?

जुन्या टॅबवर आधीची आवृत्ती अजून आहे. त्याचं ऑटो-अपडेट बंद केलंय, वर्गात तोच नेतो. टॅबवरच्या अ‍ॅपला चार तारे, फोनवरच्या त्याच अ‍ॅपला दोन. प्रीमियम घेणार नाही.