गॅलॅगा घ्यायचा तर कुठला?

गॅलॅगा म्हणजे खालच्या विमानातून वरून झेपावणाऱ्या किड्यांवर गोळ्या झाडायचा जुना व्हिडिओ गेम. आपल्याकडच्या अनेकांची त्याच्याशी ओळख टीव्ही गेमच्या कॅसेटमधून झाली. मे महिन्याच्या सुट्टीत हाती लागणाऱ्या त्या कॅसेटमध्ये शेकडो गेमची यादी असायची. तिच्यात गॅलॅगाचा पूर्वज गॅलॅक्सियन हमखास असे आणि नशीब असेल तर गॅलॅगाही. मी त्यावरच वाढलो आणि गॅलॅगा म्हणजे हाच, असं बरीच वर्षं धरून चाललो. खरं तर ते फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी कन्सोलसाठी केलेलं घरगुती रूप होतं. नाणं टाकून खेळायच्या मूळ आर्केड मशीनचा गेम हाती आला तेव्हा माझा हात सतत चुकत होता. असं का होतं ते कळलं की कुठली आवृत्ती घ्यायची हेही आपोआप कळतं.

मूळ गॅलॅगा १९८१ चा, नॅमको कंपनीचा. रचना शिगेरू योकोयामा यांची. मशीनमधला पडदा उभा बसवलेला आहे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचा. पडद्यावर एका वेळी तुमच्या दोनच गोळ्या असू शकतात. दोन्ही चुकल्या, तर त्या वरच्या कडेला जाऊन नाहीशा होईपर्यंत बटण कितीही दाबा, तिसरी सुटत नाही. पडदा उंच असल्यामुळे चुकलेली गोळी फार महाग पडते. पण त्याच उंचीमुळे झेपावणारा किडा कुठून वळतोय हे बघायला वेळही मिळतो. उंची बदलली की हे दोन्ही हिशेब बदलतात, म्हणून मी प्रत्येक आवृत्तीत आधी पडद्याचा आकार बघतो.

दुसरी कसोटी विमान पकडून देण्याची. वरच्या ओळीतला बॉस खाली येऊन थबकतो आणि निळसर झोत सोडतो. त्या झोतात मुद्दाम शिरायचं. विमान गरगरत वर ओढलं जातं, लाल होतं आणि बॉसच्या मागे अडकतं. एक लाइफ गेली, म्हणून शेवटच्या लाइफवर हे कधीच करू नये. आता तोच बॉस आपलं विमान घेऊन खाली झेपावेल तेव्हा त्याला टिपायचं. पहिल्या गोळीने तो हिरव्याचा निळा होतो, दुसरीने फुटतो. मधे आपल्याच विमानाला गोळी लागता कामा नये. बॉस रांगेत उभा असताना घाईने मारला, तर विमान त्या वेळी परत मिळत नाही. जमलं, तर ते फिरत खाली येऊन आपल्या शेजारी चिकटतं आणि दोनाच्या चार गोळ्या होतात. अर्थात रुंदीही दुप्पट, म्हणजे मार बसायची शक्यताही दुप्पट. चाळीस वर्षांनंतरही या दहा सेकंदांना माझे तळहात घामेजतात.

आता घरच्या आवृत्त्या. फॅमिकॉमवर तो १९८५ मध्ये आला आणि अमेरिकेत त्याच कन्सोलच्या तिकडच्या रूपावर, एनईएसवर, १९८८ मध्ये. आडव्या टीव्हीची अडचण त्यांनी फार हुशारीने सोडवली. स्कोअर, उरलेली विमानं आणि स्टेजचे बिल्ले उजवीकडच्या पट्टीत नेले, त्यामुळे डावीकडे खेळायला अरुंद पण पूर्ण उंचीचा भाग उरला. पकडापकडी, तिसऱ्या स्टेजनंतर दर चौथ्या स्टेजला येणारी चॅलेंजिंग स्टेज, सगळं जागेवर आहे. तरीही मैदान मूळच्यापेक्षा आखूड वाटतं. गोळी लवकर वर पोचते आणि किडाही लवकर अंगावर येतो. या सवयीचा हात मूळ मशीनवर चुकणारच.

अटारी ७८०० ची आवृत्ती संग्राहकांसाठी ठीक. त्या कन्सोलमध्ये आवाजासाठी जुन्या अटारी २६०० चीच चिप आहे आणि गॅलॅगाची अर्धी मजा तर आवाजात. गेम बॉयवर १९९५ मध्ये गॅलॅगा आणि गॅलॅक्सियन एकत्र आले, पण त्या इवल्या पडद्यावर उंची उरतच नाही. दोन्ही सोडून द्या.

त्याच वर्षी जपानमध्ये प्लेस्टेशनवर नॅमको म्युझियम या जुन्या गेमच्या संग्रहाचा पहिला भाग आला आणि घरात बसून मूळ मशीनच्या जवळ जाता आलं. आज मात्र त्यासाठी जुना कन्सोल शोधत फिरायची गरज नाही.

निन्टेंडो स्विच असेल, तर २०१७ चा नॅमको म्युझियम घ्या. त्यात मूळ गॅलॅगा आहे, शिवाय त्याचा पुढचा भाग गॅलॅगा '८८ ही. चित्र फिरवता येतं. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर काढून स्विच टेबलावर उभा टेकवा, की हातभर अंतरावर खराखुरा उभा पडदा तयार. मोठ्या आडव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून खेळण्यापेक्षा मला हे जास्त आवडतं. फक्त गॅलॅगाच हवा असेल किंवा घरात प्लेस्टेशन ४ असेल, तर हॅम्स्टर कंपनीच्या आर्केड आर्काइव्ह्ज या जुने आर्केड गेम एकेक करून विकणाऱ्या मालिकेतला घ्या. त्यात जगभरच्या खेळाडूंबरोबर स्कोअरची यादी आहे आणि पाच मिनिटांत किती गुण होतात ते पाहणारा कॅराव्हॅन मोडही. तो फार गुंतवून ठेवतो.

आणि लहानपणीचा तो कॅसेटवालाच हवा असेल, तर २०२० च्या नॅमको म्युझियम आर्काइव्ह्जचा दुसरा भाग बघा. पहिल्या भागात गॅलॅक्सियन आहे, गॅलॅगा नाही, इथे गल्लत होते. दुसऱ्यात दोघांनी खेळायचा रणगाड्यांचा बॅटल सिटीही आहे, म्हणजे त्या सुट्टीतली दुसरी भांडणंही परत येतील.

टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' आधी चालू करा. तो बंद असेल तर बटण दाबल्यावर गोळी किंचित उशिरा सुटते, आणि दोनच गोळ्यांच्या गेममध्ये तेवढा उशीरही भोवतो. पटत नसेल तर गेम संपल्यावर पडद्यावर येणारी टक्केवारी बघा. किती गोळ्या मारल्या आणि किती लागल्या, हे गॅलॅगा शेवटी सांगतोच. मोड बंद ठेवून एक डाव खेळा, चालू करून दुसरा, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा.