कारायान की क्लायबर? बीथोव्हनची पाचवी सिम्फनी कुणाची ऐकावी

पाश्चात्त्य अभिजात संगीताची सुरुवात बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीपासून (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) करायची असे ठरवणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी अडचण उभी राहते, कारण रचना एकच असली तरी तिची ध्वनिमुद्रणे ढिगाने आहेत. जाणकारांना विचारल्यास बहुधा दोन नावे पुढे येतात. एक हर्बर्ट फॉन कारायान यांनी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून १९६२ मध्ये वाजवून घेतलेले ध्वनिमुद्रण, आणि दुसरे कार्लोस क्लायबर यांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून १९७४ मध्ये वाजवून घेतलेले. ‘वाजवून घेतलेले’ असे मुद्दाम म्हटले आहे, कारण वाद्यवृंद-संचालक स्वतः एकही स्वर वाजवत नाही. त्यामुळे दोघांतील फरक समजून घ्यायचा तर वादकांशी त्यांचे नाते कसे होते, हे आधी पाहावे लागते.

कारायान यांचा जन्म १९०८ मध्ये साल्झबर्ग येथे झाला. उल्म आणि आखेन येथील नाट्यगृहांत उमेदवारी करून ते वर आले. ते नाझी पक्षाचे सदस्य होते आणि त्यामुळे युद्धानंतर काही काळ त्यांच्या जाहीर मैफिलींवर बंदी होती; ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १९५५ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे आली आणि ती १९८९ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, त्यांच्याच हाती राहिली. एवढ्या काळात वादकांच्या पिढ्या बदलतात आणि नवा वादक संचालकाच्या कानाला रुचेल असा घडत जातो. बर्लिनच्या तंतुवाद्यांचा तो दाट, अखंड, कुठेही सांधा न दिसणारा नाद अशा दीर्घ सहवासातून पक्का झाला.

क्लायबर यांची वाट नेमकी उलटी होती. वडील एरिख क्लायबर हे स्वतः नामवंत संचालक. नाझी राजवटीच्या सांस्कृतिक धोरणाच्या निषेधार्थ त्यांनी १९३४ मध्ये बर्लिनच्या ऑपेरागृहाचा राजीनामा दिला आणि पुढे कुटुंब अर्जेंटिनात गेले, तेथे कार्लचा कार्लोस झाला. मुलाने काही काळ झुरिकमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९५४ मध्ये पॉट्सडाम येथे पहिल्यांदा संचालन केले ते कार्ल केलर या टोपणनावाने. वडिलांच्या नावाचे ओझे किती असावे, याची कल्पना एवढ्यावरून येते. पुढे जगातील कोणत्याही मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदाचे प्रमुखपद त्यांनी घेतले नाही. कारायान यांच्यानंतर बर्लिनचे पद त्यांच्याकडे चालून आले, तेही त्यांनी नाकारले. ते पाहुणे म्हणून येत, भरपूर तालमी मागत, आणि मनासारखे होत नाही असे वाटले तर निघूनही जात. स्टुडिओत त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या सिम्फनी अवघ्या पाच आहेत.

आता प्रत्यक्ष सुरुवात ऐकू. षड्ज ‘सी’ या स्वरावर धरला, तर पाचवीचा प्रसिद्ध आरंभ आपल्या भाषेत ‘प प प ग, म म म रे’ असा होतो, गंधार कोमल. गंमत अशी की पहिल्या बारमध्ये (स्वरलिपीतल्या पहिल्या छोट्या विभागात) चार अर्ध्या मात्रा आहेत आणि त्यांतली पहिली रिकामी आहे. संचालकाचा हात खाली येतो तेव्हा काहीच वाजत नाही, आणि त्या शांततेच्या धक्क्यावरून सर्वांनी एकत्र ‘प प प’ वर उडी घ्यायची असते. कारायान यांच्याकडे ही उडी घोटीव आहे आणि पाठोपाठ येणारा लांबवलेला गंधार भरदार, मुरलेल्या आवाजात उभा राहतो. क्लायबर यांच्याकडे तेच तीन स्वर दाराला धडक बसावी तसे येतात. गती दोघांचीही जलदच आहे, पण क्लायबर यांच्या वाजवण्यात प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला ढकलते आणि श्वास घ्यायला जागा राहत नाही.

दुसरा भाग मला कारायान यांचा अधिक आवडतो, कारण तेथे चेलो आणि व्हियोला या व्हायोलिनहून मोठ्या, खालच्या पट्टीच्या तंतुवाद्यांचे गाणे सलग मींडेसारखे वाहते.

तिसऱ्या भागाच्या अखेरीस मात्र पारडे निर्विवादपणे क्लायबर यांच्याकडे झुकते. तंतुवाद्ये अगदी हळू आवाजात एकच स्वर धरून राहतात, खाली टिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) ठोके चालू असतात, आणि मग न थांबता शेवटच्या भागाचा लख्ख उजेड फुटतो. या सिम्फनीत ट्रॉम्बोन ही पितळी वाद्ये पहिल्यांदा येथेच वाजतात. कारायान यांच्याकडे हे स्थित्यंतर भव्य आहे, क्लायबर यांच्याकडे ते अंगावर काटा आणते. शेवटच्या भागाचा आरंभीचा खंड पुन्हा वाजवावा ही बीथोव्हनची सूचना क्लायबर पाळतात, तर कारायान ती सोडून देतात. आणखी एक लहान बाब हेडफोनवर ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. क्लायबर पहिल्या व्हायोलिनांचा गट डावीकडे आणि दुसऱ्यांचा उजवीकडे असे समोरासमोर बसवत, त्यामुळे दोन्हींमधील सवाल-जवाब दोन कानांत वेगळे ऐकू येतात. त्यांच्या सातव्या सिम्फनीच्या अखेरच्या भागात ही मौज अधिक आहे.

निवड करताना व्याप्तीचाही विचार हवा. कारायान यांचे १९६१-६२ चे काम हा नऊही सिम्फनींचा, सुमारे साडेपाच तासांचा, एका हाताने घडवलेला संच आहे. वर्षभर बीथोव्हनसोबत राहायचे असेल, तर एका नादाची ओळख धरून नऊ रचनांतून फिरणे नवख्याला सोपे जाते. ज्यांना संचालक नेमके काय करतो हे डोळ्यांनी पाहायचे आहे, त्यांनी मात्र क्लायबर यांची चित्रफीत पाहावी. कारायान बहुधा डोळे मिटून संचालन करत. क्लायबर यांच्या १९८९ आणि १९९२ च्या व्हिएन्नातील नववर्ष मैफिलींत त्यांचा चेहरा, कोपर, मनगट सगळेच वादकांशी बोलत असते. (मधल्या १९९० ची मैफल मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांची होती.)

एकच ध्वनिमुद्रण ऐकणार असाल तर माझे मत क्लायबर यांना, आणि पाठोपाठ त्यांचीच सातवी. ‘इरोइका’ (बीथोव्हनची तिसरी सिम्फनी) किंवा नववी ऐकावीशी वाटेल त्या दिवशी मात्र कारायान यांचा संच काढावा लागेल, कारण क्लायबर यांनी त्या दोन्ही ध्वनिमुद्रित केलेल्याच नाहीत.