वरचे दात पुढे आहेत: ब्रेसेस की अलाइनर?

ब्रेसेस म्हणजे दातांवर चिकटवलेली तार. अलाइनर म्हणजे काढता-घालता येणारा, टप्प्याटप्प्याने बदलायचा पारदर्शक साचा. आधी दाढा कशा बसतात ते पाहा. अमेरिकन दंततज्ज्ञ एडवर्ड अँगलच्या 1899च्या वर्गीकरणात वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत बसला तर वर्ग 1. खालची दाढ मागे राहिली तर वर्ग 2.

वर्ग 1 असून दात थोडेच वेडेवाकडे असतील तर दोन्ही चालतात. खरा फरक वर्ग 2 मध्ये. दात काढून जागा भरायची असेल तर मुळासकट सरळ सरकवणं तारेला जास्त जमतं. अलाइनरने दात कलंडायची भीती असते. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रबर मात्र बहुधा दोन्हींत लागतं, आणि ते लावलं नाही तर दाढांचा मेळ नीट बसत नाही.

अलाइनर दिवसाला 20 ते 22 तास हवाच. चहाला काढला आणि तसाच राहिला, की पुढचा संच नीट बसत नाही, दाताच्या टोकाशी फट दिसते. ब्रेसेस विसरता येत नाहीत आणि धातूचे सहसा स्वस्तही पडतात. पण चिक्कीने ब्रॅकेट (तार धरणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) निघतो, घासण्यात हयगय झाली तर भोवती पांढरे डाग पडतात.

दात काढायचे असतील किंवा शिस्तीची खात्री नसेल तर ब्रेसेस. किरकोळ दुरुस्ती आणि नेमाने घालणारा माणूस असेल तर अलाइनर. वाढत्या मुलाचा खालचा जबडाच मागे असेल तर आधी ट्विन ब्लॉकबद्दल, म्हणजे खालचा जबडा पुढे ठेवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या उपकरणाबद्दल, विचारा.