सफरचंदाचे दोन फ्रेंच टार्ट: ताताँ की नॉर्मंडी?

टार्ट म्हणजे पेस्ट्रीच्या, म्हणजे लोणी-मैद्याच्या पारीत भाजलेली फळं. तार्त ताताँ हा उलटा टार्ट, लामोत-बव्रों गावच्या हॉटेलवाल्या ताताँ बहिणींच्या नावाचा. तो गडबडीत चुकून झाला, ही दंतकथाच समजा. यात सगळा खेळ कॅरॅमलचा. जाड बुडाच्या पॅनमध्ये लोणी-साखर मधाहून गडद झाली की सफरचंदाच्या मोठ्या फोडी दाटीवाटीने उभ्या रचायच्या. शिजताना त्या आक्रसतात. वर पेस्ट्रीची पोळी, मग ओव्हनमध्ये 190 अंश सेल्सिअसवर साधारण 30 मिनिटं. बाहेर काढून 10 मिनिटं थांबा आणि मगच ताटात पालथा घाला. घाई केली तर उकळता पाक हातावर येतो, फार उशीर केला तर फोडी तळाशी चिकटतात. पिठूळ लाल सफरचंदांचा लगदा होतो. ग्रॅनी स्मिथ हे हिरवं, आंबट सफरचंद टिकतं.

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा टार्ट सरळ स्वभावाचा. आधी भाजलेल्या पेस्ट्रीत पातळ फोडी, वर अंडी-क्रीम-साखरेचं मिश्रण, त्यात चमचाभर कॅल्व्हाडोस, म्हणजे तिथलीच सफरचंदाची ब्रँडी. मधोमध कस्टर्ड जरासं थरथरत असतानाच ओव्हन बंद करायचा. पाहुण्यांसाठी आदल्या रात्री करून ठेवता येतो.

ताताँचं तसं नाही. तो कोमटच खावा, उरला की पेस्ट्री मऊ पडते. तरी माझा कौल ताताँलाच, पालथा घालतानाच्या धाकधुकीसकट.