आईच्या मानेवरच्या चामखिळी आणि २०५० रुपयांचा चुना, सोलापूरकरांनो वाचा

आईच्या मानेवर बारीक चामखिळी आहेत, मंगळसूत्र घासतं तिथं जास्तच. गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर गेलो तर बाहेर एक जण टेबल टाकून बसलेला, "या की ओ मावशी, एका चामखिळीला फक्त ५० रुपये, ना रक्त ना कापाकापी, मुळासकट जाते." आईला वाटलं दहा-बारा असतील, होऊन जाईल. त्यानं काडेपेटीच्या काडीनं पांढरा लेप टिपक्या टिपक्यानं लावला, चुन्यासारखा वास, आणि सगळं लावून झाल्यावर मोजायला घेतलं. ४१! टाचणीच्या डोक्याएवढ्या पण धरल्या. आईची मान भाजतेय, डोळ्यात पाणी, आणि हा म्हणतो आधी २०५० द्या मग थंड औषध लावतो. दिले, काय करणार. बिल नाही, बाटलीवर नाव नाही.

तिसऱ्या दिवशी पू. मग सिव्हिलला स्किनच्या ओपीडीत नेलं. मॅडमनी नीट समजावलं, मऊ असते, बारीक देठावर लोंबते, मान, काख, जांघ, पापणीवर येते ती स्किन टॅग, ती पसरत नाही आणि त्रास नसेल तर काढायची गरजपण नाही. खरखरीत, कडक असते ती व्हायरसची, ती पसरते, तिचं औषध वेगळं. आणि आपण दोन्हीला चामखीळच म्हणतो, तिथंच हे लोक साधून घेतात. टॅगला मूळबिळ काही नसतं, काढायचीच तर डॉक्टर जागा बधिर करून कात्रीनं नाहीतर मशीननं काढतात. आणि रंग बदलणारा, वाढणारा तीळ असा कुणी जाळला तर नंतर तपासायलाच काही उरत नाही हो, हे ऐकून माझे तर हातपाय गार पडले. ऑनलाइन क्रीमचं पण तेच, अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) घरी लावून तीळ नाहीतर स्किन टॅग काढायच्या एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही.

मॅडमनी मानेवरची काळी, मखमलीसारखी कातडी बघितली आणि आधी शुगर तपासायला लावली. अशी मान आणि एवढे टॅग असले की बऱ्याचदा शुगर निघते म्हणे. निघाली. आई ते मळ समजून वर्षभर वज्रीनं घासत होती. गोळ्या चालू झाल्यात, पण भाजलेले सहा डाग तसेच आहेत, बाहेर निघताना ती पदर मानेभोवती ओढून घेते.